बाई पहिल्या रांगेत

१९ ऑगस्ट १९८५, सोमवार

मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला, गेटवर कुणी धोंडिराम म्हणून उभे आहेत. बारा वर्षांनी! पोट सुटलंय, बँकेत हेडक्लार्क झालाय, पण चप्पल फरफटत चालणं तेच. कशी आहेस, काय करतेस, काही नाही. म्हणाला, राज्य नाट्य स्पर्धेला नाटक करतोय, मीच लिहिलंय, मुख्य बाई तू करायचीस. जरा आढेवेढे घ्यावेत, घरी विचारून सांगते म्हणावं, एवढीही अक्कल मला राहिली नाही. घंटा व्हायच्या आत हो म्हणून मोकळी झाले.

पंचविसाव्या वर्षी मी त्याच्या नाट्यसंस्थेत होते. मग आई अंथरुणाला खिळली, मग बी.एड., मग मरोळची ही शाळा. अकरा वर्षं झाली. मराठी शिकवते, पण सगळे मला 'नाटकाच्या बाई' म्हणतात, कारण कार्यानुभवाचे तास, गॅदरिंग, आंतरशालेय बालनाट्य स्पर्धा, सगळं माझ्याच गळ्यात. लोकांना वाटतं, बरंय, अनुपमाबाईंची हौस भागते. कसली भागते? उपाशी माणसाला पंगतीत वाढायला उभं केल्यावर काय होतं ते मला विचारा.

बाबांना सांगितलं. मिलमध्ये होते तेव्हा कामगारांच्या नाटकांत त्यांनी लुगडं नेसून नायिका केल्यात. गुणाजी परबांची सुभद्रा पाहायला परळहून माणसं यायची म्हणे. आता मिल नाही, नाटक नाही, दिवसभर खिडकीत बसून असतात. ऐकून म्हणाले, “तुका मिशी भादरूक नको, ह्या एक बरा.” आणि कितीतरी दिवसांनी हसले.

२४ ऑगस्ट, शनिवार

पहिलं वाचन. पार्ल्याच्या एका प्राथमिक शाळेच्या वर्गात, चिमुकल्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही नऊ माणसं.

नाटक असं आहे. बाईचा नवरा मस्कतला गेला, सात वर्षं पत्र नाही. आता दीर, नणंदा, शेजारी जमून ठरवतात की खोली दिराच्या नावावर करायची. दुसरा अंक म्हणजे ही बैठक. अठरा मिनिटं सगळे बोलतात आणि बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसते. शेवटी फक्त एक वाक्य: “झालं का तुमचं?” आणि पडदा.

मी म्हटलं, अरे, मुख्य भूमिका आणि अठरा मिनिटं मुकी? धोंडिराम म्हणाला, “बोलणाऱ्या पुष्कळ मिळतात अनू. ऐकणारी मिळत नाही. म्हणून तर मरोळपर्यंत आलो.”

घरी येईपर्यंत हे वाक्य मी मनात घोळवत होते. मेलं कुणी काही चांगलं बोललं की असं होतं.

५ सप्टेंबर, गुरुवार

शिक्षक दिन. आठवी 'ब' च्या मुलींनी मला शाईपेन दिलं, त्यानंच लिहितेय. गळतंय.

यंदाच्या बालनाट्याला सुरुवात केली. 'उंदरांची निवडणूक', माझंच. चंपाला उंदीरआजी दिली. तेरा वर्षांची पोर, वाळक्या शेंगेएवढी, पण कमरेवर हात ठेवून उभी राहिली की सत्तर वर्षांची वाटते. आवाज कुठून काढते कोण जाणे.

पाठांतराच्या नावानं मात्र बोंब. पण त्यावर माझा अकरा वर्षांचा उपाय आहे. स्पर्धेत आतून वाक्य सांगितलेलं ऐकू आलं तर गुण कापतात. म्हणून मी विंगेत उभीच राहत नाही. पहिल्या रांगेत बसते आणि सगळ्यांची सगळी वाक्यं, अक्षर न काढता, नुसत्या ओठांनी म्हणते. मुलं अडली की माझ्याकडे बघतात आणि ओठांवरून वाचतात. पोरं त्याला 'बाईंचा टीव्ही' म्हणतात. दुसऱ्या शाळांचे शिक्षक डोकं खाजवतात, की मरोळची मुलं कधी अडत कशी नाहीत! तीनदा पहिला नंबर आणलाय.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज तालमीत भीमराज थांबला. भीमराज माझा दीर करतो, एरवी घाटकोपरच्या पोस्टात असतो, गरीब स्वभावाचा माणूस. दुसऱ्या अंकात त्याचं पानभर भाषण आहे. निम्म्यात थांबून म्हणाला, “अनुपमाबाई, रागावू नका, पण तुम्ही माझी वाक्यं म्हणताय.”

मी म्हटलं, छे, मी तर गप्प आहे.

आवाज नाही हो, ओठ, असं तो म्हणाला. मग सगळेच बोलले. पहिल्या दिवसापासून बघतायत म्हणे. दिराची वाक्यं, नणंदेची वाक्यं, शेजाऱ्याचं खोकणंसुद्धा! माझे ओठ सगळ्यांच्या पुढे अर्धा शब्द चालतात. धोंडिराम नुसता कपाळ चोळत राहिला. इतकी लाज वाटली की मान वर न करता सुपातले तांदूळ पुन्हा पिशवीत भरले.

१५ सप्टेंबर, रविवार

आरशासमोर बसून रेडिओवरच्या बातम्या लावल्या. ओठ गप्प. शेजारच्या शकुवहिनी येऊन अर्धा तास सासूबद्दल बोलल्या. ओठ गप्प. मग बाबांना संहिता देऊन दिराचं भाषण वाचायला लावलं. दुसऱ्या वाक्यालाच आरशातली बाई बडबडायला लागली.

म्हणजे माणसं बोलतात तेव्हा नाही. माणसं नाटक करतात तेव्हा.

२ ऑक्टोबर, बुधवार

सुट्टी म्हणून दिवसभर तालीम. जिभेखाली सुपारी धरली, तर सुपारीसकट ओठ हलले. धोंडिरामनं तोंडात केसांच्या पिना धरायला दिल्या, एक पिन टोचून रक्त आलं. शेवटी चहाच्या वेळी त्यानं मला बाजूला घेतलं. अकरा डिसेंबरला प्रयोग. दोन डिसेंबरच्या तालमीपर्यंत सुधारलं तर ठीक, नाहीतर भूमिका रुक्मिणीला. रुक्मिणी आमची नणंद करते, बावीस वर्षांची, सगळी वाक्यं पाठ. “वाईट वाटून घेऊ नकोस अनू, पण परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत बघतील. अख्ख्या नाटकाची वाट लागेल.”

वाईट वाटून घेऊ नकोस म्हणे. सदतीस वर्षांची आहे मी. पुढच्या वेळी मला आईच्या भूमिका येतील आणि त्याच्या पुढच्या वेळी कुणी गेटवर येणार नाही. मला ही भूमिका हवी आहे. देवाकडे कधी काही मागितलं नाही, आता मागतेय.

१२ ऑक्टोबर, शनिवार

बाबांनी स्वतःहून विषय काढला. म्हणाले, मिलच्या नाटकात त्यांच्यासमोर एक जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नायक असायचा, दारू पिऊन यायचा. त्याला आठवेल की नाही या धास्तीनं त्याचं सगळं भाषण बाबा मनात म्हणायचे. त्या वर्षी बाबांचं स्वतःचं काम साफ पडलं. “समोरच्याचा भाषण तुझ्या तोंडात येता, म्हणजे तुझो त्येच्यार इस्वास नाय. तो इसरतलो, ह्या तू आधीच ठरवलंस.”

मी म्हटलं, बाबा, मुलं खरंच विसरतात हो.

“इसरतीत. मगे?”

मी भाकरी टाकायला उठले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

बाबांचं ऐकून आज तासाला तोंडावर रुमाल धरून बसले. सर्दी झाली म्हणून सांगितलं. उंदरांचा पुढारी तिसऱ्या वाक्याला अडला, माझ्याकडे बघितलं, रुमाल बघितला आणि उभाच राहिला. मग दुसरा. चंपा अडली तेव्हा मात्र मला बघवेना. अकरा वर्षं ही तोंडं अशी माझ्याकडे वळलेली पाहिलीत. घरट्यातली पिल्लंच. दोन मिनिटांत रुमाल काढला आणि टीव्ही सुरू.

तास संपल्यावर चंपा मागे रेंगाळली. बाई, आम्ही पाठ करायला पाहिजे ना, असं विचारलं तिनं. मी म्हटलं, करा की, पण घाबरू नका, मी आहेच पुढे.

असं का म्हटलं मी?

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवाळीची सुट्टी. बाबा शकुवहिनींकडे जेवायला, म्हणून मी एकटीच मार्व्याला जाऊन होडीनं मनोरीला गेले. किनाऱ्यावर सुकत घातलेली मासळी आणि दोन कुत्री, बाकी कुणी नाही. पहिल्या अंकातलं माझं भाषण मोठ्यांदा म्हटलं. एकदा, दोनदा, पाचदा. वाऱ्यानं पदर उडत होता, घसा खारट झाला. किती बरं वाटलं म्हणून सांगू! कुणाला शिकवत नव्हते, कुणाला सांभाळत नव्हते. मी नुसती मी होते आणि मला एक भूमिका होती.

परतीच्या होडीत रडले. शेजारच्या कोळणीनं विचारलं, काय गो, कोन गेला? कुणी नाही, म्हटलं.

३० नोव्हेंबर, शनिवार

उद्या सकाळी बालनाट्य स्पर्धा. परवा संध्याकाळी धोंडिरामनं मुदत दिलेली तालीम.

दोन आठवडे एकच विचार डोक्यात आहे. लिहूनच टाकते. उद्या मी पहिल्या रांगेत बसणार नाही. अगदी शेवटी, अंधारात बसणार, तोंडावर पदर धरून. मुलांच्या नाटकात माझे ओठ गप्प राहिले तर भीमराजपुढे राहतीलच. याहून मोठी परीक्षा नाही आणि दुसरी संधीही नाही.

मुलांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर आजच घाबरतील. आणि त्यांना पाठ आहे आता, बरंचसं. कधीतरी त्यांना स्वतःच्या पायावर उभं राहायलाच हवं, त्यांच्याही भल्याचंच आहे. चंपाची आई सुंदराबाई पण उद्या येणारेय, कंपनीत रविवारची जादा पाळी होती ती सोडून.

त्यांच्याही भल्याचंच आहे.

१ डिसेंबर, रविवार

आज नको.

२ डिसेंबर, सोमवार

कालचं लिहिते.

शेवटची रांग, खांबाच्या मागे. पडदा उघडला. पहिली सात-आठ मिनिटं पोरं झकास चालली. मला वाटलं, बघ, उगाच जीव टांगणीला लावलास. मग चंपा आली. पुठ्ठ्याचे कान, काळ्या लोकरीची शेपटी, कमरेवर हात. तिच्या येण्यालाच लोक हसले. पहिलं भाषण तिनं न अडखळता म्हटलं. दुसऱ्याला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

तिनं पहिल्या रांगेत बघितलं. माझ्या नेहमीच्या खुर्चीवर दुसऱ्या शाळेचे कुणी सर बसले होते. तिनं शेजारची खुर्ची बघितली, मग तिच्या शेजारची. सगळी रांग शोधली. मग दुसरी. मग पोर दोन पावलं पुढे आली, दिव्यांचा उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून कपाळावर हात आडवा धरला, आणि तिच्या स्वतःच्या बारीक आवाजात, आजीच्या नव्हे, म्हणाली,

“बाई, कुठं आहात?”

सभागृह हसलं. लोकांना वाटलं नाटकातलंच आहे. काहींनी टाळ्या दिल्या. चंपाला कळेना लोक का हसतायत. तिनं परत विचारलं, जरा हळू. मग शेपटी हातात धरून आत निघून गेली.

आता जे लिहायचंय ते दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. त्या वेळी माझा हात तोंडावर होता. पदराच्या आत मी ओठ चाचपले. ते हललेले नव्हते. ती अडली तेव्हा नाही, तिनं हाक मारली तेव्हाही नाही. आणि मला आनंद झाला. एक क्षणभर, चंपा तिथे उभी असतानाच, मला आनंद झाला की जमलं.

मग उठून धावले. आत जाईपर्यंत सुंदराबाई तिला घेऊन गेली होती, कान-शेपटीसकट. बाकीची मुलं तोंडाकडे बघत होती. चला, सामान आवरा, एवढंच म्हटलं मी.

आज संध्याकाळी तालीम. दुसरा अंक सुरुवातीपासून शेवटपर्यंत. भीमराज दोनदा अडखळला, मी तांदूळ निवडत राहिले. शेवटी मी “झालं का तुमचं?” म्हटलं. मग धोंडिराम उठून आला आणि विचारलं, कसं जमवलंस?

सराव केला, म्हटलं.

६ डिसेंबर, शुक्रवार

चंपा शाळेत येते. तिसऱ्या बाकावर बसते, वही पूर्ण असते, विचारलं तर उत्तर देते. फक्त नाटकाच्या तासाला ती वाचनालयात जायची परवानगी मागते आणि मी देते. माझ्याकडे वर डोळे करून बघत नाही. रागावलीय. रागवेल नाहीतर काय करेल? शाळेचा नंबर आला नाही. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, यंदा तुमचं लक्ष नव्हतं वाटतं.

तिला काय सांगू तेच सुचत नाही. प्रयोग होऊ दे, मग बोलते.

१२ डिसेंबर, गुरुवार

काल प्रयोग झाला.

बारा वर्षांनी रंग लावला. मेकअपवाल्यानं हनुवटी धरून तोंड वर केलं तेव्हाच मी डोळे मिटले. हा वास! मी विसरले नव्हते, नुसतं आठवायचं टाळलं होतं. पहिला अंक कसा गेला कळलंच नाही. दुसऱ्या अंकात सूप घेऊन बसले आणि ऐकायला लागले. खरंच ऐकलं. भीमराज म्हणाला, सात वर्षं ज्यानं विचारलं नाही त्याची वाट काय बघायची. मग तो श्वास घ्यायला थांबला आणि त्या तेवढ्या फटीत मला ते पुन्हा ऐकू आलं, बारीक आवाजात, बाई कुठं आहात. हात सुपात तसाच राहिला. एक तांदूळ दोन बोटांत धरून मी किती वेळ बसले, माहीत नाही.

पडद्यानंतर धोंडिरामचे डोळे ओले. विचारत होता, त्या जागी तू कसला विचार केलास, अंगावर काटा आला सगळ्यांच्या. तांदळात खडा होता, म्हटलं.

बाबा शेजाऱ्यांच्या खांद्याला धरून आत आले. माझ्याकडे बघितलं आणि पदर नीट केला माझा. बायकांच्या पदराचं त्यांना कळतं.

मी सुखात आहे. कितीही वाईट वाटलं तरी हे खरं आहे आणि तेही लिहायला हवं.

२३ डिसेंबर, सोमवार

निकाल. नाटक अंतिम फेरीला गेलं. मला अभिनयाचं प्रमाणपत्र. शाळेत पेढे वाटले, मोठ्या बाईंनी सूचना फलकावर नाव लिहायला लावलं.

धोंडिरामचा फोन शाळेत आला. अंतिम फेरी अठरा जानेवारी, शनिवार संध्याकाळ. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्याच संध्याकाळी आमचं गॅदरिंग. 'उंदरांची निवडणूक' पुन्हा होणार, पालकांसमोर. मोठ्या बाईंनीच ठरवलंय, मुलांचा हिरमोड जावा म्हणून.

धोंडिराम तिकडून विचारत होता, काही अडचण नाही ना?

नाही, म्हटलं मी. उगाच आठवायला थांबल्याचं नाटकसुद्धा केलं नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार

आज नाताळच्या सुट्टीत चंपाच्या घरी गेले. कारखान्यांच्या इस्टेटीच्या मागे वस्ती आहे, शोधायला वेळ लागला. सुंदराबाई कामाला गेली होती, चंपा दारात भांडी घासत होती. मला बघून गडबडीनं हात पुसले आणि खुर्ची बाहेर काढली.

काय बोलायचं ते मी वाटेत ठरवलं होतं. तुझी चूक नव्हती, मी मागे बसले होते, मुद्दाम बसले होते, माझ्यासाठी. तीन वाक्यं. पाठ केली होती.

मी सुरुवात करायच्या आत तीच म्हणाली, “बाई, आता बरं वाटतंय का तुम्हाला?”

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. त्या दिवशी मी खुर्चीवर दिसले नाही तेव्हाच तिला कळलं, बाईंना काहीतरी झालंय. चक्कर आली असणार, नाहीतर बाई उठून जायच्याच नाहीत. म्हणून तिनं हाक मारली. वाक्यासाठी नाही. वाक्य आठवलं होतं तिला नंतर, पण मी दिसेना म्हणून तिचं लक्ष लागेना, म्हणून ती मला शोधायला आत गेली. वर्गातली मुलं म्हणतात बाई आपल्याला सोडून गेल्या, तर त्यांच्याशी भांडली आणि अजून बोलत नाही. आणि माझ्याकडे बघायची तिला लाज वाटत होती, बाई आजारी असताना आपण शाळेचा नंबर घालवला म्हणून.

“चक्करच आली होती ना?” तिनं विचारलं.

हो, म्हटलं.

“मला वाटलंच.” तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. आत जाऊन तिनं पेलाभर पाणी आणलं, बसून प्या म्हणाली. मी प्यायला लागले. ती समोर उकिडवी बसून गॅदरिंगचं बोलत होती. शेपटी नवीन करायची आहे. उंदीरआजी तीच करणार, वाचनालयात बसून सगळं पाठ केलंय, म्हणून दाखवू का? आणि मग जरा अडखळत, मोठ्या माणसाला सांगतात तसं, म्हणाली, “बाई, त्या दिवशी तुम्हाला परत बरं नसलं तर फक्त आधी सांगा. मी तुमच्याशिवाय करीन. आधी सांगितलं ना, की जमतं मला.”

अठरा तारखेला मी नसेन, एवढंच तर सांगायचं होतं. तिनं जागाही करून दिली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.